टँकर निघाला, असं सांगणारे दाजी

आमच्या दाजींना घाईची बातमी घाईनं सांगता यायची नाही. एकदा सकाळीच ते साताऱ्याला आमच्या घरी आले. दारात चपला काढल्या, भिंतीला लावून सरळ ठेवल्या, आईच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "राम राम पाव्हणं. गुडघं काय म्हंत्यात?"

गुडघे हा माझा आवडता विषय आहे. मी डाव्यापासून सुरुवात केली. दाजींनी दोन्ही गुडघे शेवटपर्यंत ऐकले. मग आईला विचारलं, "मामी, जेवान जातंय का येवस्थित?" मग माझ्या मुलीची परीक्षा झाली. तिच्यानंतर बायकोच्या माहेरची खुशाली. आणि हे सगळं यथासांग पार पडल्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, जिन्यात ग्यासचा वास येतोय. तुमचाच असंल. बघा जरा."

मी गुडघे विसरून स्वयंपाकघरात पळालो. शेगडीची नळी निसटलेली होती. सगळ्या खिडक्या उघडून बाहेर आलो आणि ओरडलोच, "अहो दाजी, आधी सांगायचं ना!"

दाजी खरोखरच गोंधळले. "आवं, पर आल्या आल्या, राम राम न घालता कसं सांगायचं?"

ही गोष्ट मी लग्नाकार्यात किती वेळा सांगितली असेल याला हिशेब नाही. गेली काही वर्षं मात्र सांगत नाही. सुमन समोर असली तर मुळीच नाही. सुमन म्हणजे माझी धाकटी बहीण, दाजींची बायको.

दाजींचं नाव बिराप्पा. गाव जत तालुक्याच्या पार टोकाला, जिथं माणसं मराठीत बोलतात आणि रागवायची वेळ आली की कानडीत शिरतात. गाव कसलं, वाडीच. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ज्वारी केली, आणि बिराप्पा सांगलीत एका खाजगी क्लासात जावा शिकवायला लागला. जावा म्हणजे संगणकाकडून काम करून घ्यायची एक भाषा, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. तोवर मी ते एका जुन्या मोटारसायकलचं नाव समजत होतो, आणि लग्न ठरवायच्या बैठकीत तसं बोलूनही दाखवलं होतं. दाजी तेव्हा हसले नाहीत. "व्हय, ती पन चांगली गाडी हाय," एवढंच म्हणाले.

प्रोग्राम ते आधी दोनशे पानी वहीत लिहायचे, शाईच्या पेनानं, समास सोडून. प्रोग्राममधल्या नावांना बाकीचे लोक इंग्रजी नावं देतात. दाजींच्या वहीत 'वाडी', 'खेप', 'घागर' अशी नावं असत, आणि चूक सापडत नसली की समासात कानडीतली एखादी ओळ. तिचा अर्थ सुमनला माहीत होता, पण ती सांगायची नाही. क्लासातली पोरं त्यांची नक्कल करायची. संगणक सुरू करण्याआधी दाजी त्याला बोटानं स्पर्श करून बोट कपाळाला लावायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "मेंढरं सोडताना बाप करायचा. माझी मेंढरं ही."

मी एका धरणाच्या कचेरीत कारकून. किती पाणी कुठं सोडलं याचे कागद माझ्या टेबलावरून जातात. पाणी जात नाही. दाजींच्या वाडीला उन्हाळ्यात टँकर लागतो, हे मला माहीत होतं ते या कागदांमुळे नव्हे, तर सुमन माहेरी आली की पहिल्या दिवशी दोनदा अंघोळ करायची, त्यामुळे.

वाडीत टँकर यायची वेळ ठरलेली नव्हती. कधी सकाळी दहाला, कधी दुपारी चारला, कधी नाहीच. त्यामुळे बायका सकाळपासून रस्त्याच्या कडेला आपापल्या बॅरलजवळ उन्हात बसायच्या. टँकर आला आणि माणूस नसलं तर बॅरल रिकामं. बसलं तर बागेतल्या छाटणीचा रोज बुडाला. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. दाजींना वाटलं.

तेव्हा जगभरची माणसं जिथं दोन-दोन ओळींचे संदेश टाकतात अशी एक परदेशी साइट भलतीच जोरात होती. वाडीतल्या सुना-पोरींच्या फोनवरही ती आलेली. दाजी एका रविवारी वही घेऊन आमच्याकडे आले आणि, सगळी खुशाली झाल्यावर, मला समजावून सांगायला बसले. त्या साइटनं बाहेरच्या प्रोग्रामांसाठी एक खिडकी ठेवलेली आहे. तिला एपीआय म्हणतात. त्या खिडकीतून आपला प्रोग्राम संदेश वाचू शकतो, टाकू शकतो, कुणाला उत्तर देऊ शकतो. "पर खिडकीवरचा मानूस लय कडक. चार किल्ल्या मागतोय. सही मागतोय. आपलं म्हननं त्याच्या पद्धतीनं घडी घालून दिलं न्हाई तर फेकून देतोय."

"मग ते सगळं तुम्ही लिहिणार?"

"न्हाई वो. ते परदेशातल्या एका मानसानं लिवून ठेवलंय. फुकट. जावाची लायब्ररी म्हंत्यात तिला. सही, किल्ल्या, घडी, समदं ती बघती. आपण एका ओळीत म्हनायचं, ह्ये पाठीव. झालं." मग वही मिटून म्हणाले, "पाव्हणं, लायब्ररी म्हंजे दुसऱ्यानं थापलेली भाकरी. खायला हरकत न्हाई. पर थापनाऱ्याला इचारावं, तू जेवलास का."

आणि त्यांनी खरंच विचारलं होतं. त्या अनोळखी माणसाला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं: आमच्या गावी पाण्यासाठी तुमचं काम वापरतो आहे, आपण व घरचे सर्व ठीक असाल. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं. दाजींनी त्याचा कागद छापून घेतला आणि पाकिटात आधारकार्डाच्या मागं ठेवला. एसटीत शेजारी बसलेल्याला तो दाखवताना मी त्यांना पाहिलं आहे.

खातं उघडायला ईमेल लागत होतं. दाजींच्या ईमेलवर त्यांचं स्वतःचं खातं आधीच होतं आणि एका ईमेलवर एकच खातं मिळायचं, म्हणून माझं दिलं. मला अभिमान वाटला. आपल्याही हातून जावाचं काहीतरी झालं, असं मी कचेरीत सांगत सुटलो.

चालायचं ते असं. टँकरचा ड्रायव्हर हणमा पाणी भरून निघाला की फोनवरून एका शब्दाचा संदेश टाकायचा. सांगलीत क्लासाच्या कोपऱ्यात चालू ठेवलेल्या संगणकावर दाजींचा प्रोग्राम तो वाचायचा, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहायचा: टँकर निघाला, अमुक वाडीला, पोचायला पाऊण तास. कुणी विचारलं, "आमच्याकडं कवा?" तर प्रोग्राम त्या माणसाला वेगळं उत्तर द्यायचा. दिवस संपला की शेवटची ओळ: आज ठरलेल्या खेपा चार, आलेल्या तीन.

मी शहाणपणानं विचारलं, "फोनवरच्या गटात नाही का टाकता येत?"

"गटात टाकलं तर गटातच ऱ्हातं. हितं टाकलं की सायबालाबी दिसतं."

साहेबाला दिसलं. दुसऱ्याच आठवड्यात वाडीच्या चारही खेपा यायला लागल्या. बायका छाटणीला जायला लागल्या. वाडीत गंगव्वा नावाची एक म्हातारी होती, दाजींच्या शेजारची. सून कामावर गेली की बॅरल राखायचं काम तिच्याकडं असायचं. मी गेलो तेव्हा ती घराच्या सावलीत बसून शेंगा फोडत होती. मला म्हणाली, "बिराप्पानं मला उन्हातनं उठिवलं बघ बाबा. आता टँकर निगाला की सून फोन करती, मग मी जाती." दाजी शेजारीच उभे होते. लाजून टेकडीकडं बघत राहिले. त्यांना मी इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

आता त्या राम रामाकडं यावं लागतं.

दाजींच्या प्रोग्रामचं प्रत्येक उत्तर 'राम राम' नं सुरू व्हायचं. ते त्यांनी मुद्दाम घातलं होतं. यंत्र झालं म्हणून काय झालं, बोलतं तर आपल्याच तोंडानं. पहिल्या काही दिवसांतच खिडकीनं काही उत्तरं परत फेकली. तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा पाठवू नका, असं कारण लायब्ररीनं दाखवलं. दुसरा कुणीही राम राम काढून टाकला असता. दाजी दोन दिवस विचार करत बसले आणि मला फोन केला.

"पाव्हणं, त्येचं बरोबर हाय."

"कुणाचं?"

"त्या साइटवाल्याचं. शंभर मानसास्नी एकच राम राम घालायचा म्हंजे अपमानच की. म्हाताऱ्या मानसाला येगळा, लेकीला येगळा. मी येडा, सरसकट घालत हुतो."

मग त्यांनी वहीत नवीन पान काढलं. कुणाला 'राम राम आप्पा', कुणाला 'राम राम आक्का', कुणाला 'काय वैनी, झाला का सैपाक', सकाळी एक, दुपारी एक, 'लय ऊन हाय, जपून'. चाळीसेक तऱ्हा केल्या. विचारणाऱ्याच्या नावावरून प्रोग्राम नातं ठरवायचा. आता उत्तरं परत येईनात. गंगव्वाच्या सुनेला एकदा 'राम राम मावशी' आलं म्हणून ती महिनाभर रुसली होती, तेवढीच काय ती तक्रार.

साइटच्या बाजूनं मात्र ते असं दिसत होतं: एक यंत्र दिवसभर शेकडो अनोळखी माणसांना आपणहून लिहितंय, आणि मनाई केल्यावर शब्द बदलून बदलून तेच लिहितंय. म्हणजे लबाड यंत्र.

एप्रिलच्या एका सोमवारी खातं बंद झालं.

वाडीला ते कळलं नाही. बायका कामावर गेल्या, फोन गप्प, म्हणून टँकर निघालेला नाही असं धरून चालल्या. टँकर अकराला आला, रस्त्याकडेला कुणी नाही, रिकाम्या बॅरलांत थोडं थोडं सोडून पुढच्या वाडीला गेला. हणम्यानं त्याचा एका शब्दाचा संदेश टाकलेला होता. वाचणारं कुणी नव्हतं. मंगळवारी बायका परत उन्हात येऊन बसल्या. गंगव्वाही.

दाजी सांगलीहून तातडीनं वाडीला आले, घरोघरी जाऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी जतला गेले. तिथल्या कचेरीतून कुणी त्या साइटला लिहील का, हे विचारायला. कुणी लिहिणार नव्हतं. परत येताना एसटी चुकली. भर दुपारी फाट्यावर उभे असताना टँकरच्या ठेकेदाराची जीप थांबली. हाच तो, ज्याच्या बुडवलेल्या खेपा दाजींचा प्रोग्राम रोज चव्हाट्यावर मांडायचा. तो म्हणाला, "या सर, बसा. उन्हात कशाला?" दुसरा कुणीही पाठ फिरवून उभा राहिला असता. दाजींना बोलावलेल्याला नाही म्हणता येत नव्हतं. ते बसले. वाडीच्या तोंडाशी उतरले, आणि उतरल्यावर हात जोडून "लय उपकार झालं" असंही म्हणाले. बॅरलजवळ बसलेल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं.

त्या संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. सुमननं मला फोनवर सांगितलं ते असं. गंगव्वाच्या मुलानं, मलाप्पानं, सुरुवात केली.

"बंद कुनी केलं, बिराप्पा?"

"तिकडनं झालंय रं."

"तिकडनं म्हंजे कुठनं?"

"साइटवाल्याकडनं."

"त्येचा मानूस कोन? नाव सांग. आमी जाऊन पाया पडतो."

"मानूस नसतोय रं तिथं. यंत्रच बघतं, यंत्रच बंद करतं."

"आन तुजं यंत्र गप बसलं." कुणीतरी मागून हसलं. मलाप्पा म्हणाला, "चार दिस खेपा मोजल्या. ठेकेदाराला टोचलं. मग जीप आली. आमी काय येडं हाय व्हय?"

"मलाप्पा, एसटी चुकली म्हनून बसलो. आयची आन."

"कितीला बसलास, त्येवढं सांग."

दाजींना राग आलेला सुमननं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. ते कानडीत काहीतरी बोलले, एकच वाक्य. त्याचा अर्थही तिनं मला सांगितला नाही. मग ते घरी आले.

शनिवारी साताऱ्याला आमच्या दारात उभे. खुशाली झाली, त्या दिवशीसुद्धा झाली. मग म्हणाले, "पाव्हणं, तुमचं ईमेल जरा बघू का? त्यांनी कळिवलं असंल कायतरी."

मी फोन दिला. माझ्या ईमेलात न वाचलेली हजारभर पत्रं असतात. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, गुडघ्याचं तेल घ्या. दाजी शांतपणे खाली खाली जात राहिले. मी चहा सांगायला आत गेलो, आलो, तर ते एका पत्रावर थांबले होते. ते आलं होतं खातं बंद व्हायच्या नऊ दिवस आधी. इंग्रजीत होतं. तुमच्या प्रोग्रामचं वागणं आम्हाला संशयास्पद वाटतं. तो काय काम करतो हे सात दिवसांत लिहून कळवा, नाहीतर खातं बंद करू. त्याच्या वर, दोन दिवसांनी आलेलं, तेच पत्र पुन्हा. त्याच्याही वर आणखी एकदा.

तिसरं मी उघडलेलं होतं. मला आठवलं. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत उघडलं होतं, इंग्रजी बघून कुठल्यातरी कार्डाची जाहिरात असेल म्हणून बाजूला सारलं होतं, आणि डबा खाल्ला होता.

दाजींनी ते पत्र पूर्ण वाचलं. मग फोन माझ्या हातात दिला, पडदा खाली करून, जसा दुसऱ्याचा फोन देतात तसा.

"दाजी, मी वाडीत येऊन सांगतो," मी म्हणालो. "मलाप्पाला सांगतो की चूक माझी."

"नगं. सुमनला न्यायला-सोडायला तुमी वाडीत येता. उद्या तुमास्नी कोन कायतरी बोलंल. तिला मान खाली घालाय लागंल."

"पण तुम्हाला बोलतायत ते?"

"मी हितलाच हाय. माझं फिटंल." चहा आला. त्यांनी बशीत ओतून प्यायला.

मी वाद घातला नाही. लिहिताना मला असं लिहायला आवडेल की घातला. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर महिनाभर दाजी त्या साइटला रोज अर्ज लिहायचे. सरळ इंग्रजीत, आदरानं: आमची वाडी, आमचा टँकर, बायका उन्हात बसतात, चूक झाली असल्यास माफी असावी. दर वेळी काही मिनिटांत उत्तर यायचं, अक्षर न अक्षर तेच: आपण नियमांचा भंग केला आहे, निर्णय बदलणार नाही, नवं खातंही उघडता येणार नाही. इकडं एकच वाक्य दोनदा पाठवलं म्हणून दाजींना धरलं होतं, आणि तिकडून एकच वाक्य तीस वेळा आलं. हे त्यांना मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "त्येच्याकडं मानूस असता तर त्यालाबी लाज वाटली असती."

हणम्याला फोनवरच्या गटात लिहायला सांगून त्यांनी नवी व्यवस्था लावून पाहिली. दाजींनी काढलेला गट म्हणून लोक त्यातून निघून गेले. शेवटी ज्याचा शब्द खरा वाटतो त्याचीच बातमी उपयोगाची. नाहीतर बायका रस्त्याकडेला बसणारच. खेपा पुन्हा चाराच्या दोनवर आल्या. आता त्या मोजून सगळ्यांसमोर मांडणारं कुणी नव्हतं.

पावसाळ्याआधी ते बेंगळुरूला एका कंपनीत लागले. सुमनही गेली. वर्षातून एकदा येतात, सांगलीत उतरतात, साताऱ्याला येतात, जतकडं जात नाहीत. डोक्यावरचे केस गेले, चष्मा आला. पण दाजी म्हटलं की मला दिसतात ते त्या मे महिन्यातले.

आमच्याकडं मुलीच्या लग्नाची सुपारी होती. सुमनला आणायला मी गाडी घेऊन वाडीला गेलो होतो. ऊन मी म्हणत होतं. वाडीच्या तोंडाशीच टँकर उभा, म्हणून मी गाडी बाजूला घेतली आणि काचा बंद ठेवून एसीत बसलो. रस्त्याकडेला बॅरलांची ओळ होती, आणि त्या ओळीत दाजी, डोक्याला टॉवेल, एका निळ्या बॅरलवर हात ठेवून. हणमा टँकरवरून पाइप खाली देत होता आणि खाली बायका तो एका बॅरलातून पुढच्यात ओढत होत्या. गंगव्वाच्या सुनेनं आपलं भरून घेतलं. पुढचं दाजींचं. तिनं पाइप वाकवला, दाजींच्या बॅरलावरून उचलला आणि त्याच्या पलीकडच्यात सोडला.

 दाजींनी हणम्याकडं पाहिलं. हणमा टाकीच्या झाकणाकडं पाहू लागला. कडेला सावली धरून गंगव्वा बसली होती. तिनं पदर डोळ्यांवर ओढला, उन्हासाठी की कशासाठी मला सांगता येणार नाही. पाइप ओळीच्या शेवटापर्यंत गेला. शेवटच्या बॅरलात पाणी अर्ध्यावर आलं आणि टँकर संपला.

मला उतरायचं होतं. चार वाक्यं होती. ईमेल माझं, पत्र मला आलं, मी वाचलं नाही, जीपचा याच्याशी संबंध नाही. मलाप्पा तिथंच टँकरला टेकून उभा होता, दहा पावलांवर. माझा हात दाराच्या कडीवर होता, हे मला पक्कं आठवतं. आणि काचेतून मलाप्पानं गाडीकडं पाहिल्यावर तो मी काढून घेतला, हेही.

टँकर गेला. बायका भरलेल्या बॅरलांना झाकणं लावू लागल्या. दाजींनी आपलं बॅरल हळूच आडवं केलं आणि पायानं ढकलत घराकडं नेऊ लागले. रिकामं असल्यामुळं ते खडीवर फार आवाज करत होतं. काचा बंद होत्या तरी आत ऐकू येत होता.